विषय: न सांगता काढून घेतलेला पब्लिक आयपी आणि तीनदा ‘रिझॉल्व्ड’ झालेली माझी तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ब्रॉडबँड विभाग

सातारा, १६ ऑगस्ट २०२५

नमस्कार,

सुरुवातीलाच सांगते, माझं नेट चालू आहे. स्पीडही येतोय, १०० चा प्लॅन आहे, ९४-९५ दिसतात. हे आधी लिहितेय कारण गेल्या पाच आठवड्यांत मी तुमच्या कस्टमर केअरला नऊ फोन केले आणि नऊही वेळा समोरच्याने स्पीड टेस्ट करायला लावली, ती नीट आली की "मग प्रॉब्लेम काय आहे मॅडम" म्हणून विचारलं, मी सांगायला लागले की राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. राउटर मी आता इतक्या वेळा बंद-चालू केलाय की सासूबाईंना त्या दिव्यांचा क्रम पाठ झालाय.

तक्रार एका ओळीत अशी की १२ जुलैच्या आसपास तुम्ही माझा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट माझ्या घरापर्यंत पोचवणारा इंटरनेटवरचा पत्ता, काढून घेतलात आणि मला सीजीनॅटच्या, म्हणजे अनेक गिऱ्हाइकांत मिळून एकच पत्ता वाटायच्या सोयीच्या, मागे टाकलंत, आणि हे सांगितलं कोणीच नाही.

आता हे एका बाईला कसं कळलं असा प्रश्न तुमच्याकडे पडतो हे मला माहितीये, कारण दुसऱ्या फोनला मला "घरात कोणी जेन्ट्स असतील तर त्यांना फोन द्या ना" असं सांगण्यात आलं. आमच्या ह्यांना वायफायचा पासवर्ड येतो, तोही फ्रिजवर चिकटवलाय म्हणून. बाकी वायरिंगपासून सर्व्हरपर्यंत सगळं माझं. दिवसा मी एका ऑफिसात अकाउंट्स बघते, रात्री भांडी आवरली की माझा रास्पबेरी पाय, तळहाताएवढा कॉम्प्युटर.

त्या पायवर मी एक गेम चालवते. टेक्स्ट गेम, चित्र एकही नाही. ‘मड’ म्हणतात या प्रकाराला, आजचे हजारोंनी खेळणारे ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम ज्या झाडाला लागले त्याचं हे मूळ. पहिला मड १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी लिहिला. माझा पायथनमधल्या एव्हेनिया नावाच्या फुकट इंजिनवर आहे आणि तो मराठीत आहे. "उत्तर जा", "कंदील लाव", "कोनाड्यात बघ" असं टाइप करायचं. सह्याद्रीतला एक किल्ला आहे, कल्पनेतला, पण दरवाजा अजिंक्यताऱ्याच्या वळणाचा केलाय. त्यात २१२ खोल्या आणि वाटा झाल्यात, सगळ्या आम्ही चौघांनी हाताने लिहिलेल्या. चौघं म्हणजे मी आणि डिप्लोमाचा ग्रुप, एक सांगलीला, एक नाशिकला, एक मस्कतला. दर शनिवारी रात्री १० ला जमतो, मस्कतला तेव्हा साडेआठ वाजलेले असतात, तो जेवता जेवता खेळतो. तीन वर्षं हा शनिवार चुकलेला नाही, एकदा माझ्या पुतण्याच्या लग्नात मी मांडवामागे उभी राहून मोबाईलवरून खेळलेय.

१२ जुलैला १० वाजता ग्रुपवर तिघांचे मेसेज आले, "कनेक्ट होत नाही". घरातून बघितलं तर गेम उघडतोय. बाहेरून नाही. डकडीएनएसवर (बदलत्या आयपीला एकच कायमचं नाव देणारी सेवा) पत्ता बरोबर अपडेट झालेला, राउटरमध्ये ४००० नंबरचा पोर्ट, म्हणजे गेमचं दार, पायकडे वळवलेला, सगळं जागच्या जागी. आदल्याच दिवशी मी पायची सिस्टिम अपडेट केली होती म्हणून माझा संशय साहजिकच माझ्यावर. फायरवॉल बघितली, नियम काढले, परत टाकले. रात्री दीड वाजता वैतागून ठरवलं की अपडेटनेच वाट लावलीये आणि ५ जुलैची बॅकअप इमेज, म्हणजे तेव्हाची अख्खी नक्कल, पायच्या त्याच मेमरी कार्डवर लिहून टाकली.

त्या इमेजनंतरच्या आठवड्यात मस्कतवाल्याने तीन नवीन खोल्या लिहिल्या होत्या. त्याच्या आजीचं माजघर, मागची पडवी आणि परसातली विहीर. माजघरात "बघ" म्हटलं की उतरंड दिसायची, आणि उतरंडीतलं तिसरं मडकं उघडलं तर आत बोरकूट निघायचं, ते खाल्लं की ताकद वाढायची नाही पण तहान लागायची. त्याने ते थेट गेममध्येच टाइप केलेलं, कुठेही कॉपी नाही. गेलं. आधी डेटाबेसची फाइल बाजूला काढून ठेवायला हवी होती, ती एवढीशी फाइल असते, ही चूक माझी आणि ती मी तुमच्या माथी मारत नाही. पण बिघाड माझ्या घरात नव्हताच आणि मी रात्रभर माझंच घर उचकटत बसले, ते मात्र तुमच्यामुळे. एक एसएमएस पाठवला असतात तर मी कार्डाला हातही लावला नसता. रिचार्जची आठवण करून द्यायला दिवसाला दोन एसएमएस येतात.

दुसऱ्या दिवशी डोकं ठिकाणावर आल्यावर राउटरचं स्टेटस पान उघडलं. वॅन आयपी, म्हणजे तुमच्याकडून राउटरला मिळालेला पत्ता, १००.७२ ने सुरू होणारा. बाहेरच्या साइटवर "माझा आयपी" बघितला तर भलताच. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा हा खास कंपन्यांच्या या उद्योगासाठी २०१२ मध्ये राखून ठेवलेला आहे, तो राउटरवर दिसला की समजायचं आपण आता सामाईक पत्त्यावर आहोत. डकडीएनएस बिचारं तो सामाईक पत्ता इमानदारीत अपडेट करत होतं, म्हणून मला सगळं बरोबर दिसत होतं.

तुमच्या पाचव्या फोनवरच्या मुलाला मी हे असं समजावलं की बाबा, जुना वाडा बघितलायस का, दिंडीदरवाजा एक आणि आत बावीस बिऱ्हाडं. आतलं माणूस बाहेर जाऊन भाजी घेऊन परत येऊ शकतं, दारावरचा त्याला ओळखतो. पण बाहेरून पाहुणा आला आणि नुसतं वाड्याचं नाव सांगितलं तर कुठल्या बिऱ्हाडात सोडायचं हे त्याला कळत नाही, तो परत पाठवतो. माझे पाहुणे परत जातायत. तो म्हणाला, "मॅडम मग तुम्ही गेमच्या कंपनीला कॉन्टॅक्ट करा". अरे गेमची कंपनी मीच आहे.

सुपरवायझर म्हणाले "सिक्युरिटीसाठी केलंय, पोर्ट उघडे ठेवणं धोक्याचं असतं". असतं की. म्हणूनच माझ्याकडे बाहेरून उघडे फक्त दोन आहेत, एक गेमचा आणि एक वायरगार्डचा, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये शिरायच्या सुरक्षित वाटेचा. आणि सिक्युरिटीसाठीच केलं असेल तर महिन्याला २५० अधिक जीएसटी दिल्यावर ती सिक्युरिटी काढून कशी काय देताय? कारण पुढच्याच वाक्यात त्यांनी मला स्टॅटिक, म्हणजे कधीच न बदलणारा, आयपी विकायला घेतला, वर्षाचे ३,५४० रुपये.

वायरगार्डचं सांगते, कारण ते खेळाचं नाही, "गेमच तर आहे" म्हणून सोडून देऊ नका. आमच्याकडे नगरपालिकेचं पाणी पहाटे पावणेसहाला खालच्या टाकीत येतं, तिथून मोटरने गच्चीवर चढवायचं. वरची टाकी भरली की नाही बघायला सासूबाई जिना चढायच्या, वय ७४, गुडघे दोन्ही गेलेले. म्हणून मी टाकीच्या झाकणाखाली अल्ट्रासॉनिक सेन्सर बसवला, पाण्यापर्यंतचं अंतर मोजतो, त्याला ईएसपी८२६६ चा एक छोटा वायफायवाला बोर्ड जोडला, सगळं मिळून हजाराच्या आत. मी माहेरी वाईला असले तरी वायरगार्डने घरच्या नेटवर्कमध्ये शिरून मोबाईलवर पातळी बघते आणि मोटर चालू-बंद करते. पूर्ण ऑटोमॅटिक अजून केलेलं नाही कारण खालच्या टाकीला सेन्सर नाही, तिथे पाणी नसताना मोटर कोरडी फिरली तर वाइंडिंग जळायचं, म्हणून सासूबाईंना फोन करून "आलं का पाणी" विचारायचं आणि मग मी बटण दाबायचं. २० जुलैला वडिलांना बरं नव्हतं म्हणून मी वाईला होते. कनेक्ट होईना. बाहेर धो धो पाऊस, आणि सासूबाई छत्री घेऊन शेवाळलेला जिना चढून गेल्या. मी फोनवर नको नको म्हणत होते. काही झालं नाही, एवढंच.

आता तुमची बाजूही मला कळते. आयपीव्ही४ चे, म्हणजे जुन्या पद्धतीचे, पत्ते जगात मिळून ४२९ कोटी, आशिया-पॅसिफिकचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच आटला, नवीन गिऱ्हाइकं वाढतायत, एक पत्ता अनेकांत वाटणं भाग आहे. मान्य. पण मग आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा पत्ता, द्या, त्यात कोणाला पत्ता कमी पडायचा प्रश्नच नाही. तुमच्याच राउटरमध्ये त्याचा टॅब आहे, तो करडा करून ठेवलाय, क्लिक होत नाही आणि राउटरचा वरचा (ॲडमिनचा) पासवर्ड तुम्ही देत नाही. आणि सामाईक पत्त्याचा त्रास फक्त माझ्यासारख्या उपद्व्यापी माणसांना होतो असंही नाही, माझ्या मुलाला त्याच्या गेममध्ये "या पत्त्यावरून संशयास्पद लॉगिन" म्हणून दोनदा अडवलं, म्हणजे वाड्यातल्या कुठल्यातरी बिऱ्हाडाने काहीतरी उद्योग केलाय आणि दारावर नाव आमचंही लागलंय.

मुद्दा वचनाचा आहे. कनेक्शन घेताना तुमच्या सेल्सवाल्याला मी पहिला प्रश्न हाच विचारला होता आणि त्याने व्हॉट्सअपवर "हो मॅम पब्लिक आयपी येतो" असं लिहून दिलंय, स्क्रीनशॉट जोडलाय. त्याच भरवशावर १६ जूनला मी वर्षाचे ९,४४० रुपये एकरकमी भरले. महिनाही झाला नव्हता.

यावर तुमच्याकडून काय झालं, तर तक्रारीचे तीन डॉकेट नंबर मिळाले आणि तिन्ही "रिझॉल्व्ड" म्हणून बंद झाले. एकदा माणूस आला, भर पावसात शिडी घेऊन, चांगला मुलगा होता, वायर काढून पॉवर मीटर लावला, उणे १९ आलं, "सिग्नल एक नंबर आहे ताई" म्हणाला. मी म्हटलं सिग्नलची तक्रारच नाहीये रे. तो म्हणाला मला माहितीये ताई, पण माझ्या ॲपमध्ये तक्रारीचे चारच प्रकार येतात आणि त्यात हा नाही. त्याच्यावर माझा काही राग नाही.

सध्या मी ४२० रुपये महिन्याने एक बाहेरचा सर्व्हर भाड्याने घेतलाय आणि त्याच्यातून बोगदा काढून गेम आणि टाकी दोन्ही चालू ठेवलंय. म्हणजे माझं काम अडलेलं नाही, पण जे मी तुम्हाला पैसे देऊन घेतलं होतं तेच मी दुसऱ्याकडून परत विकत घेतेय.

मला हवंय ते असं. पूर्वीसारखा बदलता पब्लिक आयपी परत द्या, स्टॅटिक मला नकोच आहे. ते जमत नसेल तर आयपीव्ही६ चालू करा आणि बाहेरून येणारं कनेक्शन अडवू नका. दोन्ही जमत नसेल तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करा, मी दुसरीकडे जाते. यातलं काहीही केलंत तरी भाड्याच्या सर्व्हरचे आत्तापर्यंतचे ४२० बिलात वळते करा, आणि हा बदल कोणत्या तारखेला केला ते लेखी कळवा, कारण त्या तारखेवरून मला ग्रुपवर हे सिद्ध करायचंय की माजघर माझ्या अपडेटमुळे उडालं नाही. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे तुमच्याकडे अपील प्राधिकरण असायला लागतं, या पत्राला पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर तिन्ही डॉकेट नंबर घेऊन तिकडे जाईन आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंदवीन.

फोन दुपारी १ ते २ मध्ये करा, तेव्हा माझी जेवणाची सुट्टी असते. आणि तांत्रिक माणसाने करा, स्पीड टेस्ट मी करणार नाही.

आपली,
एक ग्राहक
(ग्राहक क्रमांक आणि डॉकेट नंबर सोबतच्या कागदावर)

ता.क. तुमच्या त्या मुलाचं फायबर कापायचं क्लीव्हर आमच्या ओट्यावर राहिलंय. महागाची वस्तू असते ती. त्याच्या पगारातून कापू नका, मी नीट कापडात गुंडाळून वरच्या फडताळात ठेवलंय, संध्याकाळी सहानंतर कधीही येऊन घेऊन जा म्हणावं.