थंडीपेक्षा ओल वाईट

सांगली, डिसेंबरअखेर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तू शिकायला फिनलंडमधल्या ओउलूला पोचशील. जो तो तुला 'थंडी सांभाळ' म्हणून सांगतोय. पण तिथली घरं, वर्ग, बस सगळं उबदार असतं. खोली २१ अंशांच्या आसपास, म्हणजे डिसेंबरच्या पहाटे आपल्या घरात असतं त्याहून गरमच. आपल्याकडच्या मुलांचे हाल होतात ते ओलीने आणि अंधाराने. या दोन गोष्टी नीट समजून घे.

ओल म्हणजे आधी घाम. सुती बनियन घाम पिऊन बसतं, वाळत नाही, आणि बसस्टॉपवर उभं राहिलं की तेच पाठीला बर्फासारखं लागतं. म्हणून अंगालगत सुती काही नको. लोकरीचे थर्मलचे दोन जोड, त्यावर फ्लीसचं मऊ, लवदार जॅकेट, त्यावर मांडीपर्यंत येणारा, वारा न शिरणारा कोट. जीन्स सुतीच असते आणि घट्टही, आत थर्मल मावत नाही, ती एकच ने. घरातून निघताना किंचित गार वाटलं पाहिजे, पाच मिनिटं चाललं की अंग तापतं. बसमध्ये चढल्यावर लगेच चेन उघडायची, वर्गात कोट काढून टांगायचा. केस धुतलेस तर पूर्ण वाळल्याशिवाय बाहेर पडू नकोस.

बूट तिकडेच घे, नेहमीपेक्षा एक नंबर मोठे. जाड मोजा घालून पाय पुढे सरकवला की टाचेमागे एक बोट शिरलं पाहिजे आणि आतली बोटं हलली पाहिजेत. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले तर रक्त फिरत नाही, पाय जास्तच गारठतात. बूट ओले झाले तर हीटरवर ठेवू नकोस, चामडं तडकतं, तळ सुटतो. आतला सोल काढ, वर्तमानपत्राचे बोळे भर, दोन तासांनी बोळे बदल आणि हवेशीर जागी ठेव. तासगावच्या शेडवर बेदाणा कसा जाळीतून खेळणाऱ्या वाऱ्यावर सुकतो, तसंच. हातमोजे बोटं एकत्र राहतील असे घे, फक्त अंगठा वेगळा. पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा ते उबदार असतात.

हवामानात वाऱ्याचा वेग सेकंदाला मीटरमध्ये देतात, तो आकडा बघायची सवय लाव. उणे २० असताना ६ मीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला उणे ३० लागतं. गाल किंवा नाकाचा शेंडा पांढरट पडला, बधिर झाला, तर चोळायचं नाही, आणि बर्फाने तर मुळीच नाही. उबदार जागी जाऊन तळहात नुसता धरून ठेवायचा. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही, म्हणून हीटरला टेकवायचं नाही. कानातलं धातूचं असेल तर टोपीच्या आत राहू दे.

पाय घसरतो तो उणे २० ला नाही, शून्याच्या आसपास, कारण तेव्हा बर्फावर पाण्याचा थर असतो. लहान पावलं टाक, पाऊल सपाट ठेव. बुटाला अडकवायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात, ते घे, पण दुकानात शिरताना काढून ठेव, फरशीवर तेच घसरवतात. कोटाच्या दोन्ही बाजूंना रिफ्लेक्टर गुडघ्याच्या उंचीवर लोंबू दे, गाडीचा उजेड तिथे पडतो. अंधारात चालणाऱ्याने तो लावावा असा तिथला कायदाच आहे.

आता अंधार. तू पोचशील तेव्हा सूर्य दहा-साडेदहाला उगवून दोन-अडीचला मावळेल. तास नसेल तर दुपारी अर्धा तास बाहेर पडायचंच, आभाळ भरलेलं असलं तरी. ड जीवनसत्त्वाची १० मायक्रोग्रॅमची, म्हणजे ४०० युनिटची गोळी रोज घे. आपल्याकडे मेडिकलमध्ये ६०,००० युनिटची मिळते, ती वेगळी. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घ्यायची नाही, रोज तर नाहीच.

अभ्यासात फसवणारी गोष्ट म्हणजे रिकामं दिसणारं वेळापत्रक. एक क्रेडिट म्हणजे साधारण २७ तासांचं काम. पाच क्रेडिटचा विषय १३५ तासांचा, आणि त्यातले बरेच तास वाचनाचे, गटात करायच्या कामाचे. विषयाला नाव घातलं म्हणजे परीक्षेला घातलं असं समजू नकोस. बऱ्याच ठिकाणी परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते आणि तिची मुदत आधीच संपते. एखादा विषय बदलावा लागला तर इथल्या कॉलेजची लेखी मंजुरी त्याच आठवड्यात घे. परत आल्यावर क्रेडिट अडकतात ते इथेच. शिक्षकांना तिथे नावाने हाक मारतात. जड जाईल, पण तीच तिथली रीत आहे.

बॅगेत पेढे, तूप, खवा काहीही घालायचं नाही. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. साताऱ्याचे कंदी पेढे आजीने आणून ठेवलेत, ते तू इथेच खाऊन जा. ताजा कढीपत्ता नको, वाळवलेला दिलाय. हळद, कांदा-लसूण मसाला, भडंग आहे. हिंग दोन पिशव्यांत बांधलाय. तूप तिकडेच कढव. लोण्याच्या पाकिटावर 'सुओलातोन' म्हणजे बिनमिठाचं, अर्ध्या किलोतून ४०० ग्रॅमच्या आसपास तूप निघतं. शेगडी विजेची, बंद केली तरी तापलेली राहते, म्हणून कुकर एक शिट्टी आधीच बंद कर. फोडणी मध्यम आचेवर, पंखा लावून, झाकण हाताशी ठेवून. धुराने अलार्म वाजला तर अख्खी इमारत बर्फात उभी राहते. खोबरेल तिथे खोलीतही गोठलेलं राहील, म्हणून बाटली काढून रुंद तोंडाच्या डबीत भरलंय.

कोट, टोपी, हातमोजे विमानात जवळच्या पिशवीत ठेव. मोठी बॅग मागे राहिली तर त्यांच्याशिवाय विमानतळाबाहेर पडता येणार नाही.

संक्रांत तुझी तिकडेच. तिळाच्या वड्या ताटाला तुपाऐवजी तेल लावून थापल्यात, त्या डब्यात आहेत. १४ तारखेला तुझ्याकडे दिवस रोज सहा-एक मिनिटांनी वाढत असेल. बारा वाजता उजेडात जाऊन फोन कर, इकडे साडेतीन वाजलेले असतील.

तुझी,
आई