गोरज मुहूर्त, जैसलमेर

नौपाडा, ठाणे

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

हॉल नको, पंगत नको, आम्ही दोघंच जैसलमेरच्या वाळूत एकमेकांना हार घालणार, हे तुझं म्हणणं बाबांच्या आता गळी उतरलंय. माझी हरकत कधीच नव्हती. पण ऑक्टोबरची सुरुवात म्हणालीस, तिथे माझं ऐक.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिकडे दुपारी पारा पस्तिशीपार असतो. वाळूत ओलावा नाही, म्हणून ती उन्हाबरोबर तापते आणि ऊन उतरलं की तितक्याच झटपट गार पडते. बाबा आणि मी डिसेंबरअखेर गेलो, तेव्हा दुपारी स्वेटर काढून ठेवले आणि रात्री शेकोटीपासून हलवेना. शिवाय नाताळच्या सुट्टीत जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूच्या टेकड्यांवर जीपा, उंट आणि स्पीकर. दिवाळीच्या सुट्टीतही तीच झुंबड. फेब्रुवारीची हवा छान, पण माघी पौर्णिमेच्या सुमारास मरु महोत्सव असतो, तेव्हा शांतता कुठली? उन्हाळ्याचं तर नावच नको. मे-जूनमध्ये पारा 45 च्या आसपास आणि वर आंधी.

नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा धर. दिवाळीची गर्दी ओसरलेली असते, तुळशीची लग्नं उरकली की आजीचीही तक्रार राहणार नाही. दिवसा ऊन सोसवतं, रात्री शाल पुरते. सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे अगदी गोरज मुहूर्त. साडेचारलाच तयार राहा, सोनेरी उजेड फार वेळ टिकत नाही. समपेक्षा खुडी गावाकडची वाळू शांत. मात्र त्या भागात डेझर्ट नॅशनल पार्क आहे, माळढोक पक्ष्याचं घर. कुठे उभं राहायला परवानगी लागते ते आधी विचारून घे आणि स्पीकर अजिबात लावू नका.

पैठणी नेसणार असशील तर नऊवारी नेस, वाळूत पाय मोकळे पडतील. वाळू इतकी बारीक, की घरी आल्यावरही माझ्या साडीच्या फॉलमधून निघत होती. मुंडावळ्या घट्ट बांध, आणि ओठांना तूप लाव. आपल्या दमट हवेची सवय असलेल्यांचे ओठ तिथे दोन दिवसांत फुटतात.

आता कागदाचं. विशेष विवाह कायदा, 1954 प्रमाणे नोटीस द्यायची, तर दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात निदान 30 दिवस वास्तव्य हवं. जावईबुवा ऐरोलीत राहतात, म्हणजे ठाणे जिल्हाच, अडचण नाही. नोटिशीनंतर आणखी 30 दिवस थांबावं लागतं, तेव्हा सप्टेंबरअखेर अर्ज द्या. सह्या इथे करा आणि मग खुशाल वाळवंटात जा.

सह्यांच्या वेळी तीन साक्षीदार लागतात. त्यात माझं आणि बाबांचं नाव घाल. तिसरं तुम्ही ठरवा.

तुझी,
आई