तात्यांच्या शेतातून येणारी तार

पुणे, २४ नोव्हेंबर

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं, पण विहिरीजवळच्या फणसाखाली उभं राहिलं तरच तुमचा फोन लागतो, आणि तिथं उभ्याने ऐकण्यासारखं हे नाही. म्हणून पत्र. आई, तू बाबांना वाचून दाखव. मध्येच थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

आपल्या घरी फोन आणि इंटरनेटची तार आणायची ठरवलीय, त्यासाठी गुरुवारी खांब रोवायला माणसं येतील. पैसे भरून झालेत. पंचायतीपर्यंत काचेची तार, म्हणजे फायबर, आधीच आलेली आहे, तिथून आपलं घर दीड किलोमीटर. रस्त्याकडेने ओढ्याला वळसा घालून आणायची तर खांब दुपटीने लागतात, आणि पावसात त्या बाजूची झाडं कशी पडतात ते बाबांनीच मला दाखवलंय. शेतातून सरळ आणली की काम होतं. पण त्यातले दोन खांब तात्यांच्या शेतात येतात.

बाबा, मी तात्यांना फोन केला. तुम्हाला न विचारता केला. विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, आणि तुम्ही नको म्हटल्यावर माझ्याच्याने झालं नसतं. आजीच्या वेळचं मी विसरलेले नाही. तुमचं काय चुकलं आणि त्यांचं काय, यात मी पडले नाही, पडणारही नाही. फक्त दोन खांबांपुरतं विचारलं. थोडा वेळ ते गप्पच होते. मग म्हणाले, "खांब आत घ्या की. बांधाला लागून नको, उगीच परत मोजणी निघायची." भाडं देते म्हटलं तर नको म्हणाले. आणि फोन ठेवता ठेवता, "त्याच्या बीपीचं कसं काय?"

मी बरं आहे म्हटलं. खरं तर जुलैतली ती रात्र डोळ्यांपुढून जात नाही. आईने ती मला आठवड्याने सांगितली, तीही बाजाराचा हिशेब सांगावा तशी. बाबांना चक्कर आलेली, लाईट नाही, एका हातात छत्री, टॉर्च दातांत धरलेला, आणि फोन ओला झाला तर पुसायला पदरही कोरडा नाही. अकरा वेळा मला लावलास. टॉवरचीच बॅटरी संपल्यावर काय लागणार? मी इथे पंख्याखाली झोपलेली. सकाळी दुधाच्या गाडीतून बाबा खानापूरला गेले. त्या दिवसापासून फोन हातातून ठेववत नाही. तुम्ही टिळकवाडीतलं घर सोडून गावी राहायला जाणार म्हणालात, तेव्हा 'जा' म्हणणारी मीच होते. घर सुरेख झालंय, तुम्ही तिथंच राहा. पण तुमचा आवाज मला रोज ऐकू आला पाहिजे.

दुसरं म्हणजे टिळकवाडीतल्या घराचा जुना नंबर. तो मी बंद करायला दिला. खूप विचारून पाहिलं, पण तो ०८३१चा, म्हणजे बेळगावचा आहे आणि खानापूरचा कोड ०८३३६, एका कोडमधला नंबर दुसऱ्यात नेता येत नाही. बाबा, तो नंबर तुम्ही मला पाढ्यांच्या आधी पाठ करून घेतला होता. यल्लम्माच्या यात्रेत हरवले तर कुणालाही सांगायचा म्हणून. अजूनही कुठे फॉर्म भरताना हात आधी त्याच आकड्यांकडे जातो. नवा नंबर मी मोठ्या अक्षरांत लिहून पाठवतेय, तो देवघराच्या दाराला लावा.

लाईट गेल्यावर काय, हे बाबा विचारणारच. जुन्या फोनला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्ट यायचे, म्हणून अंधारातही तो वाजायचा. काचेच्या तारेतून नुसता उजेड येतो, वीज येत नाही, त्यामुळे ती तार ज्यात लागते त्या घरातल्या वायफायच्या डब्याला आपली लाईट लागते. त्यासाठी छोटा यूपीएस घेतलाय, तीनेक तास निघतील. तो फक्त डब्यालाच लावायचा. आई, त्यावर मिक्सर नाही, मोबाईलचं चार्जिंगही नाही.

डबा माजघरात बसवून घ्या, पडवीत नको. आपल्या चिऱ्याच्या भिंती जाड, त्यातून वायफाय पार होत नाही. म्हणून तुमच्या खोलीसाठी दुसरा छोटा डबा आहे, त्याला तारच ओढून द्यायला सांगा. माणूस म्हणेल, गरज नाही. त्याचं ऐकू नका. आधीच्या माणसाचं ऐकून तीन महिने गेले आणि आगाऊ दिलेले पैसेही. तो उठायच्या आधी दोघांच्या मोबाईलवरून, पलंगावर बसून, मला फोन लावून बघा. वायफायवरून कॉल लागायची सोय मी दिवाळीतच चालू करून ठेवलीय, नेहमीसारखाच नंबर फिरवायचा. रात्री उठून फणसाखाली जायचं नाही. आई, हे तुला सांगतेय.

आणि ती बारीक तार खिळ्याला घट्ट गुंडाळून, वर सुतळी बांधून ठेवायची तुझी सवय आहे. तिथं ती चालणार नाही. आत केसाएवढी काच असते, मुरगळली की उजेड तिथेच गळतो. जादा तार ताटलीएवढ्या सैल वेटोळ्यात राहू दे. डब्यावर लाल दिवा लागला तर तार कुठं वाकली, की वांदरांनी ओढली, ते आधी बघायचं. तारेचं हिरवं टोक काढून पुसायचं नाही, त्यात डोळा लावून बघायचं तर मुळीच नाही. वीज कडाडायला लागली की डब्याचा चार्जर बोर्डातून काढायचा. फॉर्म कानडीत असेल, सही करण्याआधी बाबांनी पूर्ण वाचावा, तुमच्याइतकं चांगलं कानडी मला येत नाही.

बीपीची गोळी सकाळी चहाआधी. शेतात जाऊन घ्यायची नाही.

बाबा, रागावला असाल तर माझ्यावर रागवा, फोन सुरू झाल्यावर अर्धा तास बोला, मी ऐकेन. पण गुरुवारी खांब रोवताना तात्या तिथं उभे असणार, तसं ते म्हणालेत. तुम्ही जायलाच पाहिजे असं नाही. आई, तू किटली पाठव. त्यांच्या कपात साखर घालू नकोस, त्यांनाही आता शुगर निघालीय.

तुमची,
नंदू