अर्धी यादी खोडलीत, त्याबद्दल

मॉरिशसच्या काकूंना,

फोनवर मी दोनदा थँक्यू म्हटलं आणि दोन्ही वेळा तुम्ही "आभार कसले मानतेस गं" म्हणत विषय बदललात. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय. आईबाबांना घेऊन मॉरिशसला जायचा विचार करणाऱ्या कुणाच्या हे उपयोगी पडलं तर तेही तुमचंच श्रेय.

मैत्रिणीने तुमचा नंबर दिला तेव्हा मला फक्त एवढंच विचारायचं होतं की एजंटने दिलेलं पॅकेज बरं आहे का. तुम्ही पॅकेज बघितलंच नाहीत आधी, पहिला व्हॉइस मेसेज आला तो "बाबांचा गुडघा कुठला दुखतो, पायऱ्या चढवतात का, आणि आईला दोन दिवस भात नाही मिळाला तर चालेल का". मागे पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि तुमचं ते थोडं जुनं, थोडं क्रिओल या तिथल्या बोलीच्या हेलातलं मराठी. आई किचनमधून हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली परत लाव. आम्ही तो मेसेज चारदा ऐकला.

मग मी यादी पाठवली. सहा दिवसांत सतरा ठिकाणं होती. तुम्ही ती कागदावर उतरवून घेतलीत, पेनाने आडव्या रेघा मारल्यात आणि फोटो काढून पाठवलात. प्रत्येक रेघेशेजारी कारण. बेट जेमतेम ६५ किलोमीटर लांब आहे म्हणून सगळं जवळ वाटतं, पण रस्ता उसाच्या शेतातून वळत वळत जातो आणि गाडीत बसून बाबांचा गुडघा धरणार, हे तुम्ही लिहिलंत, आमच्या डोक्यातही आलं नव्हतं.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हॉटेल. एजंटने पूर्वेच्या किनाऱ्यावरचं रिसॉर्ट दिलं होतं, फोटो बघून आम्ही खूश. तुम्ही विचारलंत, जुलैत येताय ना? जुलै म्हणजे आमचा हिवाळा, आग्नेयेकडून वारा येतो तो पूर्व किनाऱ्यावर सरळ आदळतो, आई शाल गुंडाळून खोलीत बसेल. पश्चिमेला फ्लिक आं फ्लाकला राहा, मधल्या डोंगरांमुळे तिकडे वारा कमी आणि सूर्यास्त समोर. बुकिंग बदलताना थोडे पैसे गेले, पण संध्याकाळी आई पाण्यात घोट्यापर्यंत उभी राहून तासभर हलली नाही ते बघितल्यावर मला त्या पैशांचं काहीच वाटलं नाही. स्वेटर घ्या म्हणालात तेही खरं ठरलं, किनाऱ्यावर दुपारी २४-२५ डिग्री आणि वर गंगा तलावाला पोचलो तर बोचरा वारा, धुकं, १०८ फुटांची शंकराची मूर्ती अर्धी ढगात. आणि जानेवारी-फेब्रुवारीत तिकीट स्वस्त मिळालं तरी घेऊ नका, चक्रीवादळांचा सीझन असतो, हे मी तेव्हापासून विचारेल त्याला सांगते.

व्हिसाचं मी उगाच टेन्शन घेतलं होतं. भारतीय पासपोर्टवाल्या टुरिस्टना तो तिथे उतरल्यावर फुकट मिळतो, पण परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग हातात ठेवा म्हणालात, आणि काउंटरवर अगदी तेच विचारलं.

एजंटने राजधानी पोर्ट लुई रविवारी टाकली होती. तुम्ही म्हणालात रविवारी तिथे बहुतेक सगळं बंद, शहर ओस, मंगळवारी जा. त्या एका बदलामुळे आम्हाला आप्रवासी घाट, म्हणजे बोटीने आणलेले भारतीय मजूर जिथे उतरवत ती जागा, बघता आली. हे मला नीट लिहायचंय. आमच्या घरात एक गोष्ट सांगतात की बाबांच्या पणजोबांचा भाऊ, धोंडू, संगमेश्वराकडून मुंबईला गेला, तिथून उसाच्या कामाला बोटीत बसला आणि परत आला नाही. बाबांना त्याची नोंद शोधायची होती, यादीत पहिलं तेच होतं. तिथल्या मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची रजिस्टरं जपलेली आहेत, काहींचे फोटोसुद्धा, हे मी वाचलं होतं. तुम्ही त्यावरही रेघ मारलीत. पण फोन करून सांगितलंत, लिहून नाही. की नाव, गाव, साल यातलं धड एकच तुमच्याकडे आहे, नावं साहेबाने ऐकली तशी लिहिली, लाखोंच्या नोंदींत एक धोंडू सापडणार नाही, म्हातारा माणूस दिवसभर बसून रिकाम्या हाताने उठला तर सुट्टी तिथेच संपेल. त्यापेक्षा घाटावर न्या, तो त्या जागेवरून गेलेला असणारच.

१८३४ पासून आलेले जवळजवळ साडेचार लाख लोक त्या दारातून आत गेले. तिथल्या दगडी पायऱ्या सोळा आहेत. बाबांनी मोजल्या, चढले नाहीत, खालच्या पायरीवर वाकून हात टेकवला, तसाच कपाळाला लावला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. तुम्ही बाजूला आईची पर्स धरून उभ्या होतात.

नंतर बाजारात तुम्ही खायला घातलेली धोल पुरी. कागदात गुंडाळलेली, एकावर एक दोन, आत डाळीचं पुरण, वर घेवड्याची भाजी आणि चटणी. आई म्हणाली ही पुरणपोळीच आहे, फक्त गूळ घालायचा राहिलाय. तुम्ही हसलात आणि अजून एक जोडी घेतलीत.

आणि शेवटची संध्याकाळ तुमच्या घरी. तुम्ही सहज म्हणालात गणपतीत आमच्याकडे झाकरी असते, आणि बाबा एकदम ताठ बसले, "जाखडी?" जाखडी म्हणजे कोकणातला गणपतीतला नाच, तो ते तरुणपणी गावात नाचायचे, आम्ही कधी बघितलेलं नाही. त्यांनी टेबलावर बोटांनी ठेका धरला, गण सुरू केला, दुसऱ्या ओळीला अडले, आणि पुढची ओळ तुम्ही उचललीत. शब्द थोडे वेगळे होते, चाल मात्र तीच. आईने माझा हात घट्ट धरला होता.

काकू, तुम्ही खोडलेली ती यादी मी प्रिंट काढून देवघराच्या कपाटात ठेवलीय. बाबांनी मागच्या आठवड्यात गावच्या चुलत्यांना फोन करून धोंडूच्या घराचं जुनं नाव विचारलंय, साल कुणाला तरी आठवेल असं म्हणतात. मिळालं की आधी तुम्हालाच कळवू. चतुर्थीला आमच्याकडे गावी दीड दिवसाचा गणपती असतो, एखाद्या वर्षी या. आई रविवारी फोन करणार आहे, तुमच्याकडे दीड तास मागे असतं हे तिला आता पाठ झालंय.

तुमची,
पुण्याची पोरगी