नाव नव्हे, विषय पाहा

‘संगणकशास्त्र की माहिती तंत्रज्ञान?’ हा आपल्या अंकातील लेख वाचला. माहिती तंत्रज्ञान म्हणजे संगणकशास्त्राची सोपी आवृत्ती, हे त्यातील विधान पटले नाही. एसीएम आणि आयईईई या संगणक व अभियांत्रिकी क्षेत्रांतील आंतरराष्ट्रीय व्यावसायिक संस्थांच्या २००५ च्या अभ्यासक्रम अहवालात या दोन वेगळ्या विद्याशाखा मानल्या आहेत. संगणकशास्त्रात अल्गोरिदम (प्रश्न सोडवण्याच्या पायऱ्यांची रीत), विविक्त गणित (सुट्या घटकांचे गणित), कंपायलर (प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारी प्रणाली) आणि गणनाचा सिद्धान्त (संगणकाने काय सोडवता येते याचा अभ्यास) यांवर भर असतो. माहिती तंत्रज्ञानात नेटवर्क, सुरक्षा आणि संस्थेच्या गरजेप्रमाणे यंत्रणा उभारून ती चालती ठेवण्यावर. हजारो वापरकर्ते खोळंबलेले असताना नेमका बिघाड हुडकणे हे एखादी सिद्धता मांडण्याइतकेच कस पाहणारे काम आहे. त्याला दुय्यम लेखणे अन्यायाचे आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. पदवीच्या नावावरून आतले फारसे कळत नाही. काही ठिकाणी दोन्हींचे बहुतेक विषय सारखे असतात, तर काही ठिकाणी गणिताचे प्रमाण बरेच वेगळे. तेव्हा विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी प्रवेशापूर्वी शेवटच्या दोन वर्षांचे अनिवार्य विषय जरूर वाचावेत. आपणही पुढील लेखात दोन्ही अभ्यासक्रमांतील विषय शेजारी शेजारी मांडून दाखवावेत, ही विनंती.