नऊ म्हणायला लागलेला वेळ

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

मुलाला कराटे शिकवता म्हणून तुम्हाला आभाराचा मेसेज केला की तुम्ही हात जोडलेलं एक चित्र पाठवता आणि विषय मिटवता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय, इथं तुम्हाला तसं सुटता येणार नाही. नाव मात्र घालत नाही. तुमचं घातलेलं तुम्हाला चालत नाही, आणि मुलाचं घातलं तर तो आठवडाभर माझ्याशी बोलणार नाही. कोल्हापुरात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

माझा मुलगा बोलताना अडतो. क, त, प आले की ओठ हलतात, मान ताठ होते, शब्द मात्र बाहेर येत नाही. स्वतःचं नावच ‘त’नं सुरू होतं, त्यामुळे ‘तुझं नाव काय रे?’ हा जगातला सगळ्यांत सोपा प्रश्न त्याला सगळ्यांत अवघड. नातेवाइकांनी वेखंड सुचवलं, तोंडात सुपारी धरून वाचायला लावा म्हणाले, नवस बोलायला लावले. शाळेत वाचनाची पाळी त्याच्यापर्यंत आली की बाई पुढच्या बाकावर जायच्या. त्यांना वाटायचं आपण त्याच्यावर दया करतोय. गॅदरिंगमध्ये त्याला झाड केलं. झाडाला संवाद नसतो.

तुमच्याकडे येण्याआधी तो दुसऱ्या एका कराटे क्लासला जात होता. बाहेर मोठा फ्लेक्स, त्यावर ‘एका वर्षात ब्लॅक बेल्ट’. दर तीन महिन्यांनी परीक्षा, प्रत्येक परीक्षेची फी वेगळी, पट्टा वेगळा, सर्टिफिकेटची फ्रेम वेगळी. तिथंही मुलांना आळीपाळीनं आकडे मोजायला लावायचे. हा अडला तेव्हा मुलं हसली, आणि शिकवणारेही हसले. मग म्हणाले, ‘तू मनातल्या मनात मोज, मोठ्यानं दुसरा मोजेल.’ त्या महिन्यात त्याला पिवळा पट्टा मिळाला. घरी आल्यावर त्यानं तो कपाटाच्या तळाशी टाकला.

तुम्ही त्याला परत पांढऱ्या, म्हणजे अगदी पहिल्या पट्ट्यावर आणलंत, तेव्हा मला राग आला होता, हेही सांगून टाकते.

आता त्या संध्याकाळबद्दल. मी मंगल कार्यालयाच्या पायरीवर बसले होते. लग्नाची तारीख नसली की हॉल तुमचा, असली की गच्ची तुमची. त्या दिवशी हॉल होता. मुलं किबा दाचीत उभी, म्हणजे पाय फाकवून, गुडघे वाकवून, घोड्यावर बसल्यासारखी. एकानं जपानीत दहापर्यंत आकडे म्हणायचे, प्रत्येक आकड्याला सगळ्यांनी एक ठोसा. पाळी माझ्या मुलावर आली. इच, नी, सान, शी, गो, रोक, सिच, हाच असं आठपर्यंत गाडं नीट गेलं. नववा आकडा ‘क्यू’. तिथं तो थांबला.

सगळे एका सुरात मोजतात तेव्हा तो कधीच अडत नाही. स्पीच थेरपिस्ट बाईंनी सांगितलं होतं की अडखळणाऱ्या बहुतेकांचं असंच असतं, कोरसमध्ये शब्द सुटतात आणि एकट्यानं बोलायचं झालं की अडकतात. इथं तो एकटा होता. मला उठून जावंसं वाटत होतं.

तुम्ही पुढं उभे होता, त्याच किबा दाचीत, मूठ कमरेला. तुम्ही ‘क्यू’ म्हणाला नाहीत. ‘सावकाश’ म्हणाला नाहीत, ‘हं, बोल बोल’ म्हणाला नाहीत, मान हलवून धीरसुद्धा दिला नाहीत. नुसते पुढं बघत उभे राहिलात. मुलांच्या मांड्या थरथरत होत्या. तुमचा उजवा गुडघा जुन्या दुखण्यानं आधीच बिघडलेला, तोही थरथरत होता, मला दिसत होता. कुणी हसलं नाही, कारण सर उभे आहेत म्हणजे आकडा अजून यायचाय, एवढंच मुलांना माहीत होतं. मग ‘क्यू’ आला. सगळ्या हॉलनं एकदम ठोसा मारला. दहाव्या ‘ज्यू’ला त्याची कियाई, म्हणजे ठोशाबरोबरची आरोळी, रस्त्यावर ऐकू गेली असेल. तुम्ही ‘यामे’, म्हणजे ‘थांबा’, म्हणालात आणि पुढच्या मुलाकडे वळलात. शाबासकी नाही, टाळ्या नाहीत. तो अडला हा काही विशेष प्रसंग नव्हताच, असं तुम्ही वागलात.

सर, माझ्या मुलासाठी एवढा वेळ थांबणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. त्यात मीही आले.

तुमच्याबद्दल जे कळलं ते तुमच्याकडून कळलेलं नाही. कुमितेत, म्हणजे समोरासमोरच्या लढतीत, तुम्ही राज्याची सुवर्णपदकं आणलीत हे एका रिक्षावाल्या मामांनी सांगितलं, ते तुमच्याकडून फायनलला हरले होते. अजूनही अभिमानानं हरल्याचं सांगतात! पदकं कुठं आहेत विचारलं तर तुम्ही म्हणालात, ‘आईच्या ट्रंकेत असतील.’ सकाळी मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानाचे हिशेब आणि संध्याकाळी आमची पोरं, असं तुमचं किती वर्षं चाललंय कोण जाणे.

शनिवारी वर्ग सुटताना तुम्ही गोष्ट सांगता ती मुलगा घरी जशीच्या तशी ऐकवतो. जपानी कराटेपटू हिरोकाझू कनाझावांची त्याची सगळ्यांत आवडती. १९५७ची जपान कराटे असोसिएशनची पहिली अखिल जपान स्पर्धा, आधी हात मोडलेला, माघार घ्यायचं ठरलेलं. पण आई लांबून मुलाची लढत बघायला आलेली. दुसरा हात आहे, दोन पाय आहेत, असं ती म्हणाली, आणि ते खेळले आणि जिंकलेसुद्धा. दुसऱ्या कुणी ही गोष्ट तिथंच संपवली असती. तुम्ही मुलांना आधी सांगता की तुमचा हात मोडला तर घरी बसायचं, आणि मग विचारता की पुढं काय झालं? पुढं पुढच्या वर्षी काताचं, म्हणजे ठरलेल्या क्रमानं एकट्यानं करायच्या हालचालींचं, अजिंक्यपद, मग हवाईत शिकवायला, १९६५ मध्ये इंग्लंडमध्ये, १९७८ मध्ये स्वतःची संघटना, आणि २०१९ मध्ये जाईपर्यंतचं आयुष्य शिकवण्यात. ‘चॅम्पियन दोन वर्षं, मास्तर जन्मभर,’ हे तुमचं वाक्य आमच्या फ्रिजवर चिकटवलेलं आहे.

आमचे सासरे खासबागेत कुस्त्या बघत मोठे झालेले. कराटे म्हणजे पांढऱ्या कपड्यातला पोरखेळ, असं त्यांचं ठाम मत. एकदा वर्गाला येऊन बसले. तुम्ही मुलांकडून हेइआन शोदान नावाचा काता करून घेत होता. एकवीस हालचाली, आणि पहिलीच हालचाल अडवण्याची, मारण्याची नाही. आधुनिक कराटेचे जनक मानले जाणारे फुनाकोशी स्वतः जपानच्या ओकिनावा बेटावरचे शाळामास्तर होते आणि कराटेत पहिला हात आपण उगारायचा नसतो असं शिकवायचे, हे तुम्ही सांगत होता. एका पोराचं पाऊल चुकत होतं. तुम्ही खाली बसून त्याचा पाय हातानं धरून जागेवर ठेवलात. सासरे वाटेत काही बोलले नाहीत. घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाले, ‘वस्ताद आहे.’ ह्या घरात ती पदवी फार कमी लोकांना मिळाली आहे.

चांगली माणसं म्हटलं की आपल्याला देणगी देणारी, सत्कार होणारी आठवतात. दुसऱ्याचं वाक्य त्याच्याऐवजी पूर्ण न करणं हा चांगुलपणा कोण मोजणार? त्याला खर्च नाही, आणि तरी तो इतका कमी दिसतो की एकदा पाहिला की डोळे भरून येतात. बँकेत, दवाखान्यात, शाळेत सगळ्यांना घाई. ज्यांना खरंच घाई असायला हवी, ते तुम्ही, अडतीच्या हिशेबातून धावत येणारे, तेवढे थांबता.

तो अजून अडतो. हे मुद्दाम लिहितेय, नाहीतर लोक म्हणतील कराटेनं तोतरेपण बरं होतं, आणि उद्या कुणीतरी तसा फ्लेक्स लावेल. परवा फोनवर आत्यानं नाव विचारलं तर त्यानं नाव पूर्ण सांगितलं, त्याला लागायचा तेवढा वेळ घेऊन.

आता व्यवहाराचं. ह्यांचं काम बंद होतं तेव्हाची फी तुम्ही घेतली नाहीत, ‘बघू नंतर’ म्हणालात. ते नंतर आता आलंय. शनिवारी पाकीट आणतेय. मुलांदेखत परत करू नका. ठेवायचं नसेल तर दाराजवळची मॅट फाटली आहे, ती बदला, मागच्या आठवड्यात दोघं अडकून पडलेत तिथं.

आपली,
दुसऱ्या रांगेतल्या, डावीकडून तिसऱ्या मुलाची आई