ऑलिव्हच्या चोथ्याला पेंड समजू नका

संपादक महोदय,

ऑलिव्हचे तेल काढल्यावर उरलेला चोथा जनावरांना खाऊ घातल्याने त्यांच्या मांसाचा दर्जा सुधारतो, हा आपल्या लेखातला मुद्दा योग्यच आहे. घोळ होतो तो त्याला ‘पेंड’ म्हटल्याने. सोयाबीन पेंडीत ४४ टक्के किंवा त्याहून अधिक प्रथिने असतात. या चोथ्यात जेमतेम ६ ते १०, आणि त्यांतलीही बरीच तंतूंत अडकून न पचता बाहेर पडतात. म्हणजे हा भरडा चारा झाला.

त्याचे मोल आहे उरलेल्या तेलात आणि पॉलिफेनॉलांत (ऑलिव्हमधल्या, खवटपणा रोखणाऱ्या द्रव्यांत). रवंथ करणाऱ्या जनावरांच्या कोठीपोटातले (पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातले) जिवाणू तेलातली असंपृक्त मेदाम्ले संपृक्त, म्हणजे घट्ट चरबीतल्यासारखी, करून टाकतात. पॉलिफेनॉलांमुळे ही क्रिया मंदावते आणि असंपृक्त मेदाम्ले मांसापर्यंत पोचतात. म्हणून विद्रावकाने (तेल विरघळवणाऱ्या रसायनाने) उरलेसुरले तेलही काढून घेतलेला चोथा या कामाला फारसा उपयोगाचा नाही. घेताना दोन गोष्टी विचाराव्यात : तेल किती उरले आहे आणि आठळ्या काढल्या आहेत का? आठळ्यांसकट चोथा म्हणजे निम्मे लाकूडच.

सर्वाधिक नासाडी साठवणीत होते. नव्या पद्धतीच्या घाण्यांतून निघणाऱ्या चोथ्यात ६५ ते ७० टक्के पाणी असते. उघड्यावर तो काही दिवसांतच खवट होतो, बुरशी धरतो. खवट तेल पोटात गेले की मांसाचा दर्जा सुधारण्याचा हेतूच फसतो. एक-दोन दिवसांतच कोंडा किंवा कोरडी कुट्टी मिसळून, दाबून, हवाबंद मुरघास (आंबवून टिकवलेला चारा) करावा. चोथ्यात आंबण्यासाठी लागणारी साखर कमी असल्याने थोडी उसाची मळी (मोलॅसिस) घालावी. वाळवायचा असेल तर ओलावा १० टक्क्यांच्या आसपास आणावा, पण करपवू नये.

गुरामेंढ्यांना एकूण शुष्क आहाराच्या (पाण्याचा अंश वगळून मोजलेल्या) १० ते १५ टक्के पुरे. दोन आठवड्यांत हळूहळू वाढवावे. आहारातील एकूण मेद ५-६ टक्क्यांवर गेला की तंतूंचे पचन बिघडते. डुकरांना फक्त आठळ्या काढलेला, तोही ५ ते १० टक्केच द्यावा. खाल्लेला मेद त्यांच्या अंगी जवळपास तसाच बसतो आणि चरबी मऊ पडते. जपानच्या कागावा प्रांतात गुरांना विक्रीपूर्वी किमान दोन महिने रोज १०० ग्रॅम वाळलेला चोथा देतात. त्यात दहावा हिस्सा तेल धरले तरी दिवसाला १० ग्रॅमच झाले. एवढ्यावर तिथल्या गोमांसाच्या चवीचे सारे श्रेय चोथ्याला देणे मला धाडसाचे वाटते.

लेखात एक धोका राहून गेला. चोथ्यात पाने मिसळलेली असतील आणि बागेत ताम्रयुक्त फवारणी झाली असेल, तर मेंढ्यांच्या यकृतात तांबे साठत जाते. युरोपीय संघात मेंढ्यांच्या पूर्ण खाद्यात तांब्याची मर्यादा किलोमागे १५ मिलिग्रॅम आहे. मेंढ्यांसाठी माल घेण्याआधी त्यातल्या तांब्याची तपासणी करून घ्यावी.

– एक पशुपोषण सल्लागार